‘हलक्या’ सिगारेटीचा समज

तंबाखूची सवय जडते ती निकोटिनामुळे. परंतु कर्करोग व फुप्फुसांचे चिवट विकार यांचे मुख्य कारण म्हणजे जळत्या तंबाखूचा धूर; त्यातील डांबर व इतर विषारी द्रव्ये. या दोन गोष्टींची गल्लत सर्वत्र आढळते. तिचा विक्रेत्यांनी कसा लाभ घेतला, याचे अमेरिकेतील उदाहरण शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

तेथे 1967 पासून सरकारी देखरेखीखाली यंत्राकडून सिगारेटी ओढवून धुरातील डांबर व निकोटिन मोजण्यात येऊ लागले. कंपन्यांनी गाळणीच्या कागदाला अतिसूक्ष्म छिद्रे पाडली. त्यांतून हवा शिरून धूर विरळ होई व यंत्राचा आकडा खाली येई. मग पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द झळकत. माणूस मात्र यंत्र नव्हे. त्याचे ओठ व बोटे ती छिद्रे झाकतात; शिवाय सवयीपुरते निकोटिन मिळेपर्यंत तो झुरका लांबवतो. सिगारेट सोडण्याच्या विचारात असलेल्या कित्येकांनी ‘हलकी’ पत्करून मनाचे समाधान करून घेतले. कंपन्यांनी याबाबत जनतेची फसवणूक केली, असा निर्णय तेथील न्यायालयाने 2006 मध्ये दिला, आणि 2010 पासून हे शब्द पाकिटावर छापण्यास बंदी झाली. शब्द गेले, तेव्हा सोनेरी-रुपेरी रंग त्यांचे काम करू लागले!

छिद्रांची ही करामत वर्गात सहज दाखविता येते. सरबत पिण्याच्या नळीस वरच्या भागात टाचणीने चार-सहा भोके पाडावीत व ती पेल्यातील पाण्यात धरून ओढण्यास सांगावे. तोंडात हवाच अधिक येते. भोकांवर बोटे ठेवताच पाणी पूर्ववत येते. पेल्यातील पाणी तेच असते, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

पाठ देताना शब्द जपून वापरावेत. ‘निकोटिनाने कर्करोग होतो’ एवढेच सांगितले, तर ऐकणारा ‘कमी निकोटिन म्हणजे कमी धोका’ असा अर्थ काढतो. उलट, व्यसन सुटावे म्हणून डॉक्टर निकोटिनयुक्त च्युइंगगम देतात, त्याचेच त्याला भय वाटते. ते औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत 2009 पासून आहे.

आपल्या खेड्यांत असाच समज विडीविषयी आहे. विडीत तंबाखू सिगारेटीहून पुष्कळ कमी असतो, म्हणून ती सौम्य मानली जाते. वास्तविक तेंदूचे पान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून ओढणारा पुनःपुन्हा व जोराने झुरके घेतो, आणि एका विडीतून सिगारेटीपेक्षाही अधिक डांबर व निकोटिन त्याच्या छातीत जाऊ शकते. घरी वडील विडी ओढत असलेल्या मुलाला हे सांगताना वर्गात वडिलांचा उल्लेख होणार नाही, याची दक्षता घ्यावी.