मुर्तिजापूर जंक्शन

अकोल्याहून नागपूरकडे जाताना बडनेऱ्याच्या आधी मुर्तिजापूर हे स्टेशन लागते. गाडी थोडा वेळ थांबते व निघते. पुष्कळ प्रवासी खिडकीबाहेर पाहतही नाहीत. पण या लहान गावाच्या नावापुढे 'जंक्शन' हा शब्द कसा आला, ते आज पाहू.

आधी नाव. 'मुर्तजा' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठी बोलण्यात त्याचे 'मुर्तिजा' झाले. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने 1574 मध्ये वऱ्हाड जिंकले. त्याच्यावरून गावाचे नाव पडले, असे मानतात. त्यापूर्वी वऱ्हाडात इमादशाही होती. तिची राजधानी अचलपूर, म्हणजे वडीलधारी माणसे ज्याला एलिचपूर म्हणतात ते शहर. राजधानीपुढे मुर्तिजापूरला कोण विचारणार?

पण पुढे रेल्वे आली. मुंबईचा लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला. तो पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट मैदानातून गेला. अचलपूर उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. ते बाजूला राहिले. मुर्तिजापूर मात्र रुळांवर आले. जुन्या राजधानीला मुंबई गाठण्यासाठी आता या लहान गावाकडे यावे लागले!

इथली जमीन काळी, कसदार आणि कापसाची आहे. पाणी मात्र खारट. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खोदली तरी गोड पाणी लागेल, याचा भरवसा नाही. म्हणून शेतकऱ्याचे डोळे पावसाकडे असतात.

कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज कंपनीने अरुंद रुळांची रेल्वे बांधली. एक फाटा दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला गेला. दुसरा कारंजा, दारव्हावरून यवतमाळला. दोन्ही मिळून सुमारे 190 किलोमीटर. हीच आपली 'शकुंतला'.

मोठ्या गाडीच्या रुळांमधील अंतर 1676 मिलिमीटर, शकुंतलेचे फक्त 762. लहान डबा मोठ्या रुळांवर कसा चालणार? म्हणून कापसाच्या गाठी इथे उतरवायच्या आणि मोठ्या डब्यांत भरायच्या. हमालांना काम मिळाले, व्यापारी आले, बाजार वाढला. गाठी मुंबईला जात आणि तेथून जहाजाने इंग्लंडला. गंमत अशी, की जिकडे वऱ्हाडचा कापूस जाई, त्या इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातच 1921 मध्ये शकुंतलेचे वाफेचे इंजिन तयार झाले. त्याने सत्तर वर्षे गाडी ओढली. 15 एप्रिल 1994 रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

गाडी फार हळू चाले. अचलपूरच्या 77 किलोमीटरला जवळजवळ चार तास लागत. वाटेतल्या कित्येक स्टेशनांवर तिकीट देणारा नसे. गार्डच खाली उतरून तिकिटे देई. तरी गरीब माणूस तिच्यातच बसे, कारण तिकीट एस.टी.पेक्षा पुष्कळ स्वस्त होते. कापूस मात्र हळूहळू ट्रकवर गेला. पुढे दोन्ही फाट्यांवरची गाडीही बंद झाली. मोठ्या मार्गावरच्या गाड्या आजही धावतात, पण गाठी उतरवणाऱ्या हमालांचा तो गलबला राहिला नाही.

2011 च्या जनगणनेत मुर्तिजापूर शहराची लोकसंख्या सुमारे 40 हजार होती. अचलपूरची त्याहून किती तरी अधिक. रुळांनी गाव वाढवले खरे, पण राजधानीएवढे नाही.

दर्यापूर, अंजनगाव, कारंजा किंवा दारव्हा येथे तुमचे नातेवाईक असतील. त्यांच्यापैकी शकुंतलेत कोण बसले होते, कशासाठी गेले होते, सोबत काय सामान होते, हे त्यांना विचारा. ते सांगतील ते मराठीत दहा ओळींत लिहून आणा.