यीस्टचे बेणे आणि उसाचे बेणे



लागणीचा हंगाम आला की बेणे कोणाकडून आणायचे, कोणत्या मळ्यातले आणायचे, किती महिन्यांचे आणायचे, याची आपण गावभर चौकशी करतो. बेणे खोटे निघाले तर पुढे खत-पाणी कितीही घातले तरी उपयोग नाही, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. आपल्या आसवनीलाही असेच बेणे लागते. ते मात्र इतके बारीक असते की एका मिलिमीटरच्या रेघेत त्याचे शे-दीडशे दाणे बसावेत. त्या बेण्याचे नाव यीस्ट. हे बेणे निवडून, एकटे काढून, वाढवून वापरायचे शास्त्र कसे जन्मास आले आणि त्याचा आपल्या शेताशी काय संबंध, ते या लेखात पाहू.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येणारी, उसाच्या पेऱ्यात शिरणारी आणि कुजक्या पाचटावर वाढणारी बुरशी ही तिचीच भावंडे. इतर बुरशी धाग्यासारखी पसरते, तर यीस्टच्या पेशीला कोंब फुटतो, तो मोठा होतो आणि सुटून वेगळी पेशी बनते. काकवी पातळ राहिली तर काही दिवसांत ती फसफसते, मोहाची फुले भिजत घातली की आंबतात, ताडी उतरवून ठेवली की तिला फेस येतो. हे सगळे यीस्टचे काम. ते साखर खाते आणि त्यातून अल्कोहोल व कर्बवायू बाहेर टाकते.

हिशेब सांगायचा तर १०० किलो द्राक्षशर्करेतून जास्तीत जास्त ५१ किलो, म्हणजे सुमारे ६५ लिटर अल्कोहोल निघू शकते. बाकीचा कर्बवायू होऊन उडून जातो. प्रत्यक्षात इतके कधीच मिळत नाही. जे कमी पडते त्यातला काही वाटा यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी घेते, आणि काही वाटा बिनबोलावलेले पाहुणे खातात. हे पाहुणे कोण, हे प्रथम ज्याने नीट दाखवले त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

रंगाऱ्याचा झाला शास्त्रज्ञ

एमिल ख्रिश्चन हॅन्सन हा १८४२ साली डेन्मार्कमधील रीबे गावी गरीब घरात जन्मला. तरुणपणी घरे रंगवण्याचे काम करून त्याने पोट भरले, शिकवण्या केल्या आणि मागाहून विद्यापीठात शिक्षण घेतले. १८७६ साली त्याला विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. कशासाठी म्हणाल, तर जनावरांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशींच्या अभ्यासासाठी! ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही त्या शेणात बुरशीच्या किती जाती नांदतात, हे त्याने एकेक करून नोंदवले होते.

पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तो आला. ही प्रयोगशाळा जे. सी. याकोबसेन या बिअर उत्पादकाने १८७५ साली स्थापन केली होती. दारूची गोष्ट म्हणून नाक मुरडू नका. आजचे आंबवण्याचे शास्त्र बरेचसे अशाच कारखान्यांतून घडले आहे.

तेथे हॅन्सनने आधी एक साधा प्रश्न विचारला. फळे पिकली की त्यांवर यीस्ट येते, मग फळे नसतात त्या काळात ते कोठे असते? त्याने झाडे, फळे, माती वर्षभर तपासली. टोकदार पेशींचे एक यीस्ट पिकल्या गोड फळांवर वाढते, पावसाने व गळलेल्या फळांबरोबर मातीत जाते, हिवाळा मातीतच काढते आणि पुढच्या हंगामात पुन्हा फळांवर येते, असे त्याला आढळले. म्हणजे शेत हेच यीस्टचे कोठार.

बिघडलेला माल आणि एक ठिपका

१८८३ च्या सुमारास कार्ल्सबर्गची बिअर कडवट आणि दुर्गंधी निघू लागली. असा बिघाड जिवाणूंमुळे होतो, हे पाश्चर यांनी आधी दाखवले होते. पण येथे हॅन्सनला संशय आला तो यीस्टचाच. कारखान्यात वापरले जाणारे यीस्ट हे एक वाण नसून अनेक वाणांची सरमिसळ आहे आणि त्यातले रानटी वाण चव बिघडवतात, असे त्याचे म्हणणे होते.

हे सिद्ध करायला एकाच पेशीपासून वाढवलेले यीस्ट हवे. त्याने केले काय, तर यीस्ट निर्जंतुक पाण्यात कालवले, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या आणि पाणी वाढवत वाढवत इतके विरळ केले की दोन थेंबांत मिळून एखादीच पेशी यावी. असे थेंब गोड रसाच्या अनेक चंबूंत घातले, चंबू हलवून स्थिर ठेवले. काही दिवसांनी काचेच्या तळाशी पांढरे ठिपके दिसले. ज्या चंबूत दोन-तीन ठिपके ते बाजूला सारले. ज्यात एकच ठिपका, ते शुद्ध बेणे!

अशा वाणांची वेगवेगळी परीक्षा केल्यावर चांगला वाण कोणता व घातक कोणता हे उघड झाले. १८८३ च्या नोव्हेंबरात शुद्ध वाणाने कारखान्यात काम सुरू झाले आणि बिघाड थांबला. याकोबसेनने हे यीस्ट कुलपात ठेवले नाही. प्रयोगशाळेतले कोणतेही शोध लपवायचे नाहीत असा त्याचा नियमच होता, आणि मागेल त्या उत्पादकाला त्याने ते बेणे दिले. आपण सहकारात वावरणाऱ्यांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे.

रानात सापडलेला पूर्वज

या यीस्टचे मूळ मात्र बरीच वर्षे कोडेच होते. ते दोन जातींचा संकर आहे, हे कळले होते. त्यातली एक जात नेहमीची, पण दुसरी रानात कोठे मिळेना. २०११ साली अर्जेंटिनातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दिएगो लिबकिंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पॅटागोनियाच्या थंड जंगलात सापडल्याचे जाहीर केले. तेथील झाडांच्या फांद्यांवर एका बुरशीमुळे गोडसर गाठी येतात, त्या गाठींवर हे यीस्ट राहत होते. बघा, एका बुरशीच्या आसऱ्याने दुसरी राहते आणि माणसाचा मोठा उद्योग तिच्यावर उभा राहतो! म्हणूनच रानातल्या, बांधावरच्या जाती जपून ठेवण्याला महत्त्व आहे. आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आणि आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे.

आसवनीत काय घडते?

आसवनीतही हॅन्सनचीच पद्धत चालते. काचनळीतील शुद्ध यीस्ट आधी चंबूत, मग मोठ्या भांड्यात, मग टाकीत, असे दर पायरीला साधारण दहापट वाढवत नेतात. ३० ते ३३ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. त्याहून फार चढले की ते थकते आणि आंबट करणारे जिवाणू जोर धरतात. एक टन सी-मळीतून (मोलॅसिसमधून) सुमारे २२५ लिटर अल्कोहोल मिळणे अपेक्षित असते. पाहुण्यांनी साखर खाल्ली तर हा आकडा खाली येतो, आणि तो तोटा अखेर सभासदांचाच असतो.

या पाहुण्यांचे बी शेतातूनच येते. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की कापलेल्या तोंडातून जिवाणू शिरतात, साखरेचा चिकट पदार्थ बनवतात आणि रसाची शुद्धता घसरते. जळालेल्या उसात हे आणखी लवकर होते. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीवर यावा, हा आग्रह उगाच नाही.

शेतातली बुरशी : वैरी आणि सोबती

आता हॅन्सनचा धडा आपल्या बेण्याला लावून पाहू. आसवनीत तेच यीस्ट पुन्हा पुन्हा वापरले तर त्यात रानटी वाण साठत जातात. आपणही खोडव्याचे बेणे वर्षानुवर्षे वापरतो तेव्हा त्यात काणी, लाल कूज, गवताळ वाढ हे रोग असेच साठतात.

काणीचा काळा चाबूक आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या एका चाबकात असंख्य बीजाणू असतात आणि वारा बांध ओळखत नाही. एकाच्या आळसाची शिक्षा शेजारच्या दहा जणांना होते. लाल कूज तर आतून पोखरते. कांडे उभे चिरले की लाल गर, त्यात आडवे पांढरे पट्टे आणि आंबूस वास येतो. बुरशीतही वाण असतात आणि ते बदलतात. उत्तर प्रदेशात को ०२३८ हा एकच गोड वाण मोठ्या क्षेत्रावर पसरला, आणि २०२० च्या सुमारास लाल कुजीने त्याला गाठले. एकाच वाणावर सगळा भार टाकू नये, हा त्याचा अर्थ.

पण सगळीच बुरशी वैरी नाही. ट्रायकोडर्मा ही बुरशी रोगट बुरशीवर जगते आणि पाचट व प्रेसमड कुजवायला मदत करते. मेटारायझियम ही हुमणीच्या अळीला रोगी करून मारते. ओळखून वापरले तर हेच जीव बिनपगारी मजूर आहेत.

सभासदांनी काय करावे?

१) बेणे बेणेमळ्यातलेच, ९ ते ११ महिन्यांचे, निरोगी घ्यावे. खोडव्याचे घेऊ नये. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास प्रक्रिया केलेली असते, तिचा फायदा सोडू नये.

२) बेणे तोडताना कांड्याचा छेद पाहावा. लाल दिसला तर ते बेणे लावू नये आणि कोयता निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या उसाला लावू नये.

३) काणीचा चाबूक दिसताच त्यावर पिशवी चढवून तो कापावा, बेट मुळासकट काढून जाळावे. अशा शेताचा खोडवा ठेवू नये.

४) रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र कालवू नये. औषधाने तीही बुरशीच मरते.

५) पाचट जाळू नये, सरीत दाबून कुजवावे.

६) शेजाऱ्याच्या शेतात रोग दिसला तर भांडण नको, सांगणे हवे. आणि शेती विभागासही लगेच कळवावे.

याकोबसेनने चांगले बेणे वाटून टाकले, म्हणून सगळा धंदा सुधारला. आपला कारखाना तर वाटून घेण्याच्या तत्त्वावरच उभा आहे. ज्याच्याकडे निरोगी बेणे आहे त्याने ते शेजाऱ्याला द्यावे, आणि ज्याच्याकडे रोगट आहे त्याने ते कोणालाही देऊ नये. एवढे पाळले तरी टनेज आणि उतारा दोन्ही वाढायला मोठी मदत होईल.