पुलाखालचा प्रवाह आणि पाणबुड्या

काशीच्या राजघाटाजवळ गंगेवर एक दुमजली पूल आहे. त्याच्या खालच्या मजल्यावरून आगगाडी व वरच्या मजल्यावरून रस्ता जातो. १८८७ साली डफरिन पूल म्हणून तो खुला झाला. १९४८ पासून त्यास मालवीय पूल म्हणतात. अशा पुलाखाली बुडी घेणाऱ्याचे प्राण बाहुबळापेक्षा प्रवाहाच्या ज्ञानावर अधिक अवलंबून असतात.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदास १ मीटर वेगाची धार, अर्धा चौरस मीटर वाट अडविणाऱ्या शरीरास सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने रेटते. वेग दुप्पट झाला की हाच जोर चौपट होतो. परंतु शरीर पाण्याबरोबरच वाहू लागले, तर दोहोंच्या वेगात अंतर उरत नाही व जोर जाणवत नाही. प्रवाहाबरोबर वाहत बुडी घेण्याच्या पद्धतीचे मर्म हेच होय.

मात्र पुलाचा खांब वाहत नाही. खांबांमुळे नदीची वाट अरुंद होऊन त्यांच्यामधील पाणी अधिक वेगाने धावते. खांबावर आदळलेले पाणी खाली वळते आणि तळाशी भोवरा होऊन वाळू उकरते. खांबाच्या मागे आळीपाळीने डावे-उजवे भोवरे सुटतात. वाहत आलेला पाणबुड्या खांबाला अथवा तेथे अडकलेल्या ओंडक्याला खिळला, की त्याच क्षणी प्रवाहाचा सारा जोर त्याच्यावर येतो.

नॉर्वेच्या थंड किनाऱ्यावरील सॉल्टस्ट्राउमेन या सामुद्रधुनीवरही पूल आहे. तेथील प्रवाह अत्यंत वेगवान असला, तरी भरती-ओहोटीच्या संधिकाळी तो काही वेळ मंदावतो आणि पाणबुडे ती वेळ साधतात. गंगेला अशी घटका नाही. तेथे ऋतूच पाहावा लागतो. पावसाळ्यातील पुरात बुडी वर्ज्यच समजावी.

पाणी उथळ आहे म्हणून निर्धास्त राहणेही योग्य नव्हे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथे नळकांड्यातील हवा छातीत भरून, श्वास रोखून वर आल्यास ती हवा दुप्पट फुगू पाहते व फुफ्फुस फाटू शकते. यास्तव वर येताना श्वास सोडीत राहावे.

सारांश, पुलाच्या बऱ्याच वरच्या अंगास पाण्यात उतरावे, दोन खांबांच्या मधोमध जावे आणि पूल मागे पडल्यावरच वर यावे. सोबतची नाव मागोमाग वाहत ठेवावी; वाहत्या पाणबुड्याची दोरी स्थिर वस्तूस कदापि बांधू नये.