इंग्रजी कागदपत्रांतील लॅटिन शब्द

नोकरीचा अर्ज असो, बँकेचा करारनामा असो की कोर्टाचे समन्स असो, इंग्रजी कागदात काही शब्द शिकलेल्या माणसालाही अडखळवतात. हे शब्द मूळचे लॅटिन आहेत. लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. इंग्लंडमध्ये कोर्टाचे दप्तरही शतकानुशतके लॅटिनमध्येच असे. त्यात आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे सामान्य माणसाला कळत नसे. दप्तर इंग्रजीत ठेवण्याचा कायदा तेथे १७३३ साली अमलात आला. तरी अनेक जुने शब्द टिकले आणि इंग्रजी कायद्याबरोबर आपल्याकडेही आले. त्यांतील नित्याचे शब्द पाहू.

पर सेंट, पर अ‍ॅनम : दर शेकडा, दर साल. कर्ज घेताना हे दोन्ही शब्द तपासावेत. 'दरमहा २ टक्के' ऐकायला स्वस्त वाटते; पण वर्षाचा हिशेब २४ टक्के होतो.

ई. जी. आणि आय. ई. : पहिल्याचा अर्थ 'उदाहरणार्थ', दुसऱ्याचा 'म्हणजेच'. फॉर्ममध्ये ई. जी. लिहून एखादा दाखला सांगितला असेल, तर तो नमुन्यादाखल असतो. आय. ई. असेल, तर तोच दाखला हवा.

बोनाफाइड : सद्भावनेने, खरोखरीचा. शाळेच्या बोनाफाइड दाखल्याचा अर्थ, हा आमचा खराखुरा विद्यार्थी आहे.

अ‍ॅड हॉक : 'यासाठी', तदर्थ. अशी नेमणूक तात्पुरत्या गरजेपुरती असते. हुकमातील हा शब्द वाचल्याशिवाय आपण कायम झालो असे समजू नये.

कोरम, साइने डाय : सभेची गणसंख्या आणि बेमुदत तहकुबी. संस्थेच्या कार्यकर्त्यांना हे ठाऊक हवेत.

एक्स ग्रेशिया : कृपा म्हणून दिलेली रक्कम, सानुग्रह अनुदान. ती देणारा आपली कायदेशीर जबाबदारी मान्य करतोच असे नाही. म्हणून पैसे घेताना कोणत्या मजकुरावर सही मागितली आहे, ते वाचावे.

एक्स पार्टे : एकतर्फी. दिवाणी दाव्यात समन्स मिळूनही गैरहजर राहिल्यास निकाल एकतर्फी लागू शकतो. तो रद्द करण्यासाठी हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. गैरहजेरीचे सबळ कारणही दाखवावे लागते. तेव्हा भीतीने समन्स कपाटात ठेवू नये.

हेबियस कॉर्पस : शब्दशः अर्थ, 'देह हजर कर'. एखाद्याला बेकायदा अडकवून ठेवले असेल, तर त्याला कोर्टापुढे आणण्याचा हा आदेश. त्यासाठी राज्यघटनेच्या कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात, कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. अडकलेल्या माणसाच्या वतीने नातेवाईक किंवा मित्रही अर्ज करू शकतो.

हे शब्द बोलण्यात मिरवण्यासाठी नाहीत. विद्यार्थी मित्रांनी ते वहीत उतरवून घ्यावेत आणि घरातील वडीलधाऱ्यांचे कागद वाचून दाखवावेत. शब्द अडला तर विचारण्यात कमीपणा नाही. अर्थ समजल्याशिवाय सही मात्र करू नये.