चाळिशी उलटलेला ऊसतोड कामगार : आधारातील खंड आणि ग्रामपंचायतीचे कार्य

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात कालव्यांच्या पाण्यावर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव व जामखेड हे तालुके मात्र अवर्षणप्रवण असून तेथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात.

पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मजुरी टनावर मिळते, तर उचल मुकादमाकडून आगाऊ घेतलेली असते. वयोमानाने मोळी उचलवेनाशी झाली की तोड घटते, मजुरी घटते आणि उचल अंगावर राहते. जोडीतील एक थकला की दुसऱ्याचाही कोयता सुटतो.

अशा कामगारास आधार कोणता? अटल पेन्शन योजना (२०१५) आणि प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना (२०१९) यांत प्रवेशाचे वय १८ ते ४० वर्षे आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा लाभ ६५ व्या वर्षापासून मिळतो. त्याची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. म्हणजे चाळिशीपर्यंत नोंदणी न झालेल्या कामगारास पुढील सुमारे २५ वर्षे केवळ अंगमेहनतीवरच काढावी लागतात. विधवा, दिव्यांग व दुर्धर आजारी व्यक्तींना या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आश्रय आहे. नुसत्या थकलेल्या शरीरास तो नाही.

राज्याच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने १८ वर्षांवरील व्यक्तीस कामाचा हक्क दिला व वयाची वरची मर्यादा घातली नाही, ही त्याची मोठी देणगी होय. तथापि मोजमापावर मजुरी ठरत असल्याने वृद्धांच्या हाती कमी पैसे पडत. म्हणून कामावर पाणी देणे, मुले सांभाळणे अशी हलकी कामे त्यांच्याकडे आवर्जून सोपविली पाहिजेत.

यापुढील कार्य गावपातळीवरचे आहे. कुटुंबे गाव सोडण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने कोयत्यांची वयानुसार यादी करावी. चाळिशीच्या आतील कामगारांची निवृत्तिवेतन योजनांत नोंदणी करावी आणि पासष्टीला पोहोचणाऱ्यांचे अर्ज तहसील कार्यालयात धाडावेत. शिक्षकांनी जुन्या दाखलखारीज नोंदवहीतून जन्मतारखेचे उतारे शोधून द्यावेत. अंदाजाने लिहिलेले वय पाच वर्षांनी कमी पडले, तर तेवढी वर्षे म्हाताऱ्या हातांना पुन्हा कोयता धरावा लागतो, याचे भान प्रत्येक नोंद करताना ठेवले पाहिजे.