हात सोडू नकोस: पाईपजोडणीचे मामाचे कानमंत्र

भाचेबाई, सातिवलीत खोली घेतलीस आणि पहिल्याच आठवड्यात पाईप जोडायला निघालीस, हे ऐकून अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला. मी इथल्याच गाळ्यांत मेंटेनन्सचं काम करत उमर काढली. पाईपानं मला पुष्कळ शिकवलं, फी मात्र दर वेळी भिजवून घेतली. तेवढं वाच आणि मग पान्हा उचल.

१. मेन कॉक आदल्या दिवशीच बंद करून बघ — महिनोन्‌महिने न फिरलेला कॉक ऐनवेळी रुसतो. बोअरच्या पाण्यातले क्षार त्याच्या पोटात बसतात, म्हणून महिन्यातून एकदा उगाचच फिरवत जा.

२. कॉक बंद झाला की घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा ठेव — लायनीत राहिलेलं पाणी तिथून उतरतं, नाहीतर जोडाच्या तोंडाशी नेमका थेंब येतो. बादल्या मात्र आधीच भर. सूर्या, उसगाव, पेल्हार धरणांचं पाणी त्याच्या वेळेला येतं, तुझ्या नाही.

३. काम सकाळी काढ — एल्बो फुटायचा तर हार्डवेअरचं शटर पडल्यावरच फुटतो. एल्बो, टी, कपलर एकेक जादा आण.

४. क्रीम रंगाचा पाईप सीपीव्हीसी, पांढरा तो यूपीव्हीसी. गीझरच्या लायनीला पहिलाच घे — दुसरा गरम पाण्यानं मऊ पडतो. दोघांचा अर्धा इंच सारखा नसतो, बाहेरून एक १५.९ मिलिमीटर तर दुसरा २१.३, म्हणून दुकानात जाताना जुना तुकडा पिशवीत टाक. जोड चिकटवायचं सोल्युशनही ज्याचं त्यालाच.

५. पाईप सरळ काप आणि आतबाहेरची कोर पॉलिश पेपरनं घास — राहिलेली कोर सोल्युशन खरवडून पुढं ढकलते आणि जोड आतून उपाशी राहतो.

६. आधी सुकं जोडून बघ, पण सुका पाईप फिटिंगच्या तळापर्यंत गेला नाही म्हणून घाबरू नकोस — फिटिंग आत निमुळतं असतं, सोल्युशन लागल्यावरच पाईप सरकतो. किती आत जायला हवा, ती खूण बाहेरून मोजून पेन्सिलीनं कर.

७. आता खरी गोष्ट. दोन्ही बाजू फडक्यानं कोरड्या कर, पाईपाला सोल्युशन भरपूर आणि फिटिंगच्या आत बेतानं लाव, घाल, पाव फेरा फिरव आणि धरून ठेव. मनात तीस आकडे मोज, दाराची बेल वाजली तरी हात सोडू नकोस — निमुळतं फिटिंग पाईपाला हळूच मागं ढकलतं, डोळ्यांना दिसतही नाही. मी एकदा एका गाळ्यात पाच आकड्यांवर हात सोडला, अर्ध्या तासात पाणी चालू केलं आणि ऐटीत घरी गेलो. रात्री दोनला बोलावणं आलं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झाला होता. शेठनं शिवी दिली नाही, नुसता खराटा हातात दिला. शिवी परवडली असती. तेव्हापासून म्हणतो, घाईचा जोड, झोपेची मोड.

८. सुकायची वेळ डब्यावर लिहिलेली असते, आणि जमलं तर एक रात्र तसंच राहू दे — दर दहा मीटर उंचीला पाणी साधारण एक किलोनं दाबतं, म्हणजे चार मजल्यांवरची टाकी तळमजल्याच्या ओल्या जोडावर सव्वा किलोचा हात ठेवून बसलेली असते.

९. डबा उघडताना खिडकीही उघड. देवापुढचा दिवा आणि गॅस बंद — सोल्युशनचा वास डोकं धरतो आणि पेटही घेतो. आत जेलीसारखं गोळा झालं असेल तर पैशाकडं न बघता फेक.

१०. टेफ्लॉन टेप आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेनं ताणून गुंडाळ — उलटी गुंडाळलीस तर आवळताना तीच उलगडते. पहिला आटा मोकळा सोड, नाहीतर टेपेचे धागे नळात जाऊन अडकतात.

११. लोखंडी निपल प्लास्टिकच्या आट्यांत दामटू नकोस, आत पितळ असलेलं फिटिंग घे — प्लास्टिक लगेच तडकत नाही, चार दिवसांनी पाहुणे असताना तडकतं.

१२. आवळताना पुढं गेलेला नळ सरळ दिसावा म्हणून मागं फिरवू नकोस — मागं फिरला की टेप सैल पडते. काढ, पुसून नवी टेप लाव, पुन्हा बसव. मी हा आळस किमान वीस वेळा केला आहे.

१३. रबरी वॉशर असेल तिथं टेप नको — तिथं पाणी वॉशर अडवतो, आटे नव्हे. हातानं आवळ आणि पान्ह्यानं थोडंच. वॉशर चेपला की कामातून गेला.

१४. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब आले तर कधीच बुजवू नकोस — तापलेलं पाणी फुगतं, त्याला तेवढीच वाट असते. घरातली ही एकच गळती लाडाची.

१५. रात्री प्रत्येक जोडाखाली कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेव, आणि टाईल्स त्यानंतरच — बोटाला न कळणारा पाझर कागद सकाळपर्यंत सांगतो. पाण्याला दार लागत नाही, फट पुरते.

१६. अडीनडीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळ आणि तारेनं बांध — दाब कमी असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत निभतं. त्याला दुरुस्ती मात्र म्हणू नकोस.

१७. मीटरच्या अलीकडचं तुझं, पलीकडचं महापालिकेचं — तिकडं पान्हा लावलास तर पाण्यापेक्षा कागद जास्त वाहतील. तिथं परवानाधारक प्लंबरच बोलव.

१८. पाणी सोडताना नळाच्या तोंडची जाळी काढून ठेव आणि मेन कॉक हळूहळू उघड — आधी हवा फसफसते, मग पाईप कापल्याचा भुसा येतो, तो जाळीत बसला की नवा नळही रडतो. आणि तेव्हाच मला व्हिडिओ कॉल लाव. थेंब नसेल तर मामीला घेऊन जेवायला येतो, असेल तर एकटाच येतो, पान्हा घेऊन.