एका दृश्याची तीन चित्रे

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे बाराव्या शतकातील महादेवाचे मंदिर आहे. त्याच्या सभामंडपात उभे राहून दाराकडे पाहा. बाहेर खानदेशचे प्रखर ऊन, आत दाट सावली! आपला डोळा दोन्ही पाहतो. कॅमेऱ्याला मात्र एका चित्रात दोन्ही साधत नाहीत. ऊन टिपावे तर खांब काळे पडतात. खांब टिपावेत तर बाहेरचे सारे पांढरेफटक होते.

मग युक्ती कोणती? कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. भिंगाचे छिद्र तेवढेच ठेवून झडप प्रथम १/६०, मग १/२५० आणि शेवटी १/१५ सेकंद उघडावी. पहिल्यापेक्षा दुसऱ्या चित्रात प्रकाश सुमारे चौथाई, तर तिसऱ्यात चौपट येतो. एकात ऊन नीट उमटते, एकात सावली. तिन्हींतील स्पष्ट भाग घेऊन संगणक एक चित्र सिद्ध करतो. मात्र मध्येच वाऱ्याने फांदी हलली, तर ती दुहेरी दिसते.

मुलांनो, काळ दगडालाही झिजवितो. आज चित्रात अंधारात बुडालेली नक्षी उद्या कदाचित उरणारही नाही. म्हणून चित्र घेणाऱ्याने उजेडाइतकाच सावलीलाही न्याय द्यावा.